बापाच्या हक्काची ढाल : अमेरिकेतील बालमजुरीबंदीला झालेला विरोध

१९००च्या जनगणनेत अमेरिकेत १० ते १५ वर्षांची सुमारे साडेसतरा लाख मुले कामाला जात होती. सुधारणावाद्यांच्या रेट्यामुळे १९१६मध्ये कीटिंग-ओवेन कायदा झाला. १४ वर्षांखालील मुले राबवणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर पाठवायला त्याने बंदी घातली. १४ ते १६ वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासांची मर्यादा आली.

याला सर्वांत कडवा विरोध दक्षिणेतल्या सूतगिरण्यांचा होता. पण मालक स्वतः कोर्टात गेलेच नाहीत. गिरणीमालकांची बाजू लढवणारे संपादक डेव्हिड क्लार्क यांनी फिर्यादी शोधला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातला एक गिरणी कामगार, रोलंड डेगनहार्ट. त्याचा एक मुलगा चौदाच्या आतला, दुसरा त्याहून थोडा मोठा. मुलांच्या कमाईवर बापाचा हक्क असतो आणि सरकार तो हिरावून घेते, अशी तक्रार. वकिलांचा खर्च अर्थात मालकांचा! ३ जून १९१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. उत्पादन हा राज्यांचा विषय, केंद्राचा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे होते. पुढे धाकटा मुलगा रूबेन याला एका पत्रकाराने विचारले, खटला जिंकून तुला काय मिळाले? मोटारीतून एक फेरी आणि कोकाकोला, असे त्याचे उत्तर होते. शाळा सुटल्याची खंतही त्याने बोलून दाखवली.

मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुले राबवणाऱ्या कारखान्यांच्या नफ्यावर कर लावला. तोही १९२२मध्ये न्यायालयात टिकला नाही. राहता राहिली बालमजुरीवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राला देणारी घटनादुरुस्ती. ती १९२४मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि विरोधकांनी तीच ढाल पुन्हा पुढे केली. दुरुस्तीत १८ वर्षांखालील सगळेच येत होते. त्यामुळे घरच्या शेतात पोराला गाईची धार काढायलाही वॉशिंग्टनची परवानगी लागेल, अशी भीती शेतकऱ्यांना घातली गेली. हा रशियातला बोल्शेविक डाव आहे, असाही प्रचार झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये तर कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल विरोधात उतरले आणि सार्वमतात दुरुस्ती सपाटून आपटली. बालमजुरी चांगली असते, असे उघड म्हणणारे त्यात थोडेच होते.

१९३८च्या श्रम कायद्याने अखेर बंदी आणली, आणि १९४१मध्ये न्यायालयाने आपला १९१८चा निकाल एकमताने मोडीत काढला. घटनादुरुस्तीला तोवर २८ राज्यांचीच संमती मिळाली होती, हवी होती ३६ची. तिला मुदत घातलेली नसल्याने ती कागदोपत्री आजही प्रलंबित आहे.