हृदयशस्त्रक्रियेतील भूल

हृदय, त्याच्या झडपा आणि त्याला जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या यांच्यावर शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला बेशुद्ध व वेदनारहित ठेवून त्याचे रक्ताभिसरण सांभाळणारी भूलशास्त्राची शाखा. पोटाच्या किंवा हाडांच्या बहुतेक शस्त्रक्रियांत भूलतज्ज्ञ धडधाकट हृदयाच्या भरवशावर काम करू शकतो. येथे मात्र भुलीचा भार ज्याने सोसायचा तो अवयवच आजारी असतो, आणि बऱ्याच शस्त्रक्रियांत तो काही काळ मुद्दाम थांबवलाही जातो. त्यामुळे कोणते औषध द्यावे हा प्रश्न या शाखेत दुय्यम ठरतो. नाडीचा वेग, हृदयाची लय, रक्तवाहिन्यांचा ताण आणि हृदयात येणारे रक्त यांचा त्या त्या विकाराला मानवेल असा मेळ राखणे हे तिचे मुख्य काम होय.

उगम : या शाखेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक ऑगस्ट १९३८ पासून इतिहास मांडतात. त्या महिन्यात बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची, जन्मानंतरही उघडी राहिलेली धमनीवाहिनी, म्हणजे महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी वाहिनी, बांधली. भूल सायक्लोप्रोपेन या वायूची होती आणि ती बेटी लँक या परिचारिकेने दिली होती. दुसरे मत नोव्हेंबर १९४४ च्या बाजूचे आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हेलन टॉसिग यांच्या कल्पनेनुसार, आणि व्हिव्हियन टॉमस यांनी प्रयोगशाळेत बसवलेल्या तंत्राने, जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या एका बालिकेवर शस्त्रक्रिया केली. ऑस्टिन लॅमॉंट या ज्येष्ठ भूलतज्ज्ञांनी मूल फारच नाजूक असल्याने भूल देण्यास नकार दिल्याचे नोंदले गेले आहे; ती जबाबदारी तरुण मेरेल हार्मेल यांनी घेतली. पुढे १९४६ मध्ये हार्मेल आणि लॅमॉंट या दोघांनी मिळून अशा रुग्णांना दिलेल्या भुलीवर निबंध प्रसिद्ध केला. तिसरे मत ६ मे १९५३ या दिवसाला महत्त्व देते. त्या दिवशी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या, म्हणजे हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या, बोलीतल्या ‘पंपा’च्या साहाय्याने अलिंदांमधील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील) पडद्याचे छिद्र बंद केले.

यांपैकी १९४४–४६ हा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो. १९३८ ची भूल त्या काळच्या छातीच्या शस्त्रक्रियांतील भुलीपेक्षा तत्त्वतः वेगळी नव्हती. १९५३ ला यंत्र नवे होते, पण आजारी रक्ताभिसरण हाच भूलतज्ज्ञाचा अभ्यासविषय आहे ही जाणीव हार्मेल–लॅमॉंट यांच्या निबंधातच प्रथम लिखित स्वरूपात दिसते. पंप येण्याआधी शरीर थंड करून हृदय उघडण्याचा मार्गही वापरला गेला होता. टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांच्या प्रयोगांनंतर सप्टेंबर १९५२ मध्ये मिनेसोटात जॉन लुइस यांनी या पद्धतीने यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यातून मिळालेले शीतकरणाचे तंत्र पुढे पंपाच्याच कामी आले.

भुलीची औषधे : १९६० च्या दशकापर्यंत वापरात असलेली वायुरूप औषधे दुबळ्या हृदयाला आणखी दुबळे करीत. १९६९ मध्ये बोस्टनचे एडवर्ड लोवेनस्टाइन व सहकाऱ्यांनी शिरेवाटे मोठ्या मात्रेत दिलेले मॉर्फिन, दर किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत, झडपांच्या गंभीर रुग्णांनाही सोसते असे दाखवले. याचे तोटे लवकरच ध्यानात आले : रक्तदाब उतरे, श्वास दीर्घकाळ यंत्रावर ठेवावा लागे आणि काही रुग्णांना शस्त्रक्रियेतले प्रसंग आठवत. १९७८ पासून थिओडोर स्टॅन्ली यांच्या कामामुळे मॉर्फिनची जागा फेंटॅनिल या कृत्रिम वेदनाशामकाने घेतली. नंतर आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन या नव्या औषधांच्या रूपाने वायू परतले. आयसोफ्लुरेन हृदयाच्या स्नायूच्या उपाशी भागातील रक्त पळवते काय, यावर १९८० च्या दशकात बराच वाद झाला. आज त्या भीतीला फारसे वजन दिले जात नाही. उलट बाजूने, वायू हृदयस्नायूचे रक्षण करतात हे मतही पुढे आले. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५,४०० रुग्णांच्या बहुराष्ट्रीय चाचणीत वायू आणि केवळ शिरेवाटेची औषधे यांत वर्षाअखेरच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. औषधापेक्षा ते देण्याची रीत मोलाची, या जुन्या जाणकारांच्या मताला त्यामुळे पुष्टी मिळते.

विकारानुसार धोरण : भारतात ऱ्हुमॅटिक तापानंतर होणारा मायट्रल झडपेचा संकोच अजूनही नेहमी आढळतो. झडप अरुंद असल्याने डाव्या अलिंदातील रक्ताला निलयात (खालच्या कप्प्यात) उतरायला वेळ हवा असतो. नाडी वाढली की हृदयाचा प्रसरणकाळ (सैल पडून रक्ताने भरण्याचा वेळ) आखडतो, अलिंदातला दाब चढतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून नाडी संथ ठेवणे, लय टिकवणे आणि शिरेतून द्रव बेतानेच देणे हा नियम. झडप गळत असेल तर धोरण जवळजवळ उलटे होते. नाडी थोडी वेगवान आणि रक्तवाहिन्या सैल असल्या की रक्त मागे न जाता पुढे सरकते.

महाधमनीच्या झडपेचा संकोच हा भुलीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. डावा निलय जाड झालेला असतो आणि त्याच्या स्नायूला रक्त मिळणे प्रसरणकाळातील रक्तदाबावर अवलंबून असते. भूल देताना रक्तवाहिन्या सैलावून दाब घसरला तर स्नायू उपाशी राहतो, हृदय आणखी मंदावते आणि दाब आणखी घसरतो. या फेऱ्यात हृदय थांबलेच तर छाती दाबून केलेल्या मालिशाने अरुंद झडपेतून पुरेसे रक्त पुढे जात नाही. म्हणून फेनिलेफ्रिन किंवा नॉरअॅड्रेनलिन ही रक्तवाहिन्या आवळणारी औषधे आधीच तयार ठेवून, दाब पडण्याची वाट न पाहता वापरतात.

फॅलोच्या चतुर्विकृतीत, म्हणजे चार दोष एकत्र असलेल्या जन्मजात हृदयविकारात, अशुद्ध रक्त निलयांमधील छिद्रातून थेट महाधमनीत जाते. शरीरातील रक्तवाहिन्यांचा ताण उतरला की हा प्रवाह वाढून मूल निळे पडते. असे मूल खेळता खेळता दमले की आपसूक उकिडवे बसते. पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन ताण वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. शस्त्रक्रियागृहात फेनिलेफ्रिन, शिरेतून द्रव आणि प्राणवायू देऊन भूलतज्ज्ञ हेच साधतो. केटामाइन हे भुलीचे औषध रक्तवाहिन्यांचा ताण टिकवत असल्याने या मुलांत पसंत केले जाते. हृदयावरणात रक्त साचून हृदय दबले असेल तर रुग्णाचा स्वतःचा श्वास शक्यतो चालू ठेवतात, आणि छाती निर्जंतुक करून शल्यविशारद सज्ज झाल्यावरच भूल सुरू करतात.

पंपावरील काळ : रक्त यंत्रात गोठू नये म्हणून दर किलोला ३०० ते ४०० एकक हेपॅरिन देतात. रक्त गोठण्याचा सक्रियित काळ, म्हणजे एसीटी, साधारण ४८० सेकंदांच्या वर गेल्याची खात्री केल्याशिवाय पंप सुरू करीत नाहीत. हेपॅरिनच्या शोधाचे श्रेयही वादात आहे. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील वैद्यकाचा विद्यार्थी जे मॅक्लीन याने रक्त न गोठू देणारा पदार्थ वेगळा केल्याचे कळवले. त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांनी १९१८ च्या सुमारास हेपॅरिन हे नाव रूढ केले. मॅक्लीनचा पदार्थ मेदी वर्गातला होता, तर आजचे हेपॅरिन शर्करांच्या साखळीचे आहे. त्यामुळे शोधाचा धागा मॅक्लीनपासून निघत असला तरी आजच्या औषधाचे श्रेय हॉवेल आणि १९३० च्या दशकात ते शुद्ध करणारे टोरांटो व स्टॉकहोम येथील संशोधक यांच्याकडे अधिक जाते.

शरीराचे तापमान एका अंशाने उतरवले की प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते. हृदय थांबवण्यासाठी पोटॅशियमयुक्त द्रावण वापरतात. १९५५ मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी सुचवलेले पोटॅशियम सायट्रेट तीव्र मात्रेमुळे स्नायूला घातक ठरून मागे पडले. सौम्य द्रावणे १९७० च्या दशकात पुन्हा प्रचारात आली. पंप परफ्युजनिस्ट हा प्रशिक्षित तंत्रज्ञ चालवतो. भूल पुरेशी खोल आहे ना, रक्तातील वायू, पोटॅशियम, साखर आणि लघवीचे प्रमाण ठीक आहे ना, हे भूलतज्ज्ञ पाहतो.

रुग्णाला पंपावरून उतरवण्याचा टप्पा सर्वांत कसोटीचा. शरीर पुन्हा ऊबदार झाले आहे, लय स्थिर आहे, फुप्फुसे फुगत आहेत आणि हृदयात हवेचे बुडबुडे उरलेले नाहीत, याची खातरजमा करून यंत्राचा प्रवाह हळूहळू कमी करतात. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी चित्र दाखवणाऱ्या उपकरणाने, डोळ्यांपुढे हृदय दिसते, झडप नीट बसली की नाही हे तेथेच कळते. गरज पडल्यास अॅड्रेनलिन, डोब्युटामिन, मिलरिनोन ही हृदयाला जोर देणारी औषधे किंवा महाधमनीतील फुग्याचा आधार घेतात. शेवटी माशांच्या शुक्राणूंपासून मिळणारे प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवतात. ते सावकाशच द्यावे लागते, कारण रक्तदाब कोसळणे, तीव्र अॅलर्जी किंवा फुप्फुसधमनीतील दाब एकाएकी चढणे या तिन्ही गोष्टी संभवतात.

पंपाशिवाय बायपास : धडधडत्या हृदयावरच रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर चालते. मागच्या बाजूची वाहिनी शिवण्यासाठी हृदय उचलले की दाब घसरतो. अशा वेळी टेबलाचे डोके खाली करणे, द्रव व औषधे वाढवणे आणि वेळीच शल्यविशारदाला थांबवणे ही भूलतज्ज्ञाची जबाबदारी असते.

भारतातील स्थिती : मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदयरोपण केले; रुग्ण काही तासच जगला. १९९८ पासून भारतीय हृदय-भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे स्वतंत्र नियतकालिक निघते. भूलशास्त्रातील एम.डी.नंतर या विषयात तीन वर्षांचा डी.एम. अभ्यासक्रम उपलब्ध आहे.