निसर्ग केंद्रातील माणसे आणि प्राणी

निसर्ग केंद्र म्हणजे एखाद्या नैसर्गिक अधिवासात किंवा त्याला लागून उभारलेली, मुख्यतः शाळकरी मुले व सर्वसाधारण नागरिक यांच्यासाठी चालवली जाणारी शिक्षणसंस्था. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांचा संग्रह महत्त्वाचा असतो आणि वस्तुसंग्रहालयात नमुन्यांचा. निसर्ग केंद्रात भोवतालची जमीन हाच मुख्य ऐवज असून इमारत, पायवाटा आणि प्रदर्शने यांचे स्थान दुय्यम असते. प्रस्तुत नोंदीत या संस्थेचे मनुष्यबळ आणि तेथे कायमचे ठेवलेले जिवंत प्राणी एवढ्यांचाच विचार केला आहे. मराठीत ‘निसर्ग परिचय केंद्र’ आणि ‘निसर्ग माहिती केंद्र’ हे शब्द रूढ आहेत. मात्र त्यांनी सूचित होणारी केंद्रे बहुधा वनखात्याची असून त्यांत जिवंत प्राणी सहसा नसतात, त्यामुळे हे शब्द येथील अर्थाशी पूर्णपणे जुळत नाहीत.

या संस्थेचा उगम नेमका कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत, आणि हे मतभेद पुष्कळसे व्याख्येवर अवलंबून आहेत. खुल्या निसर्गात शिक्षकांना शिकवण्याचा प्रयोग हीच सुरुवात मानली, तर लुई ॲगासी या निसर्गशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीस बेटावर भरवलेली उन्हाळी शाळा हा आरंभबिंदू ठरतो. पण त्याच वर्षअखेरीस ॲगासीचे निधन झाले आणि शाळा पुढे फार काळ टिकली नाही. मुलांना जिवंत प्राणी हाताळू देणे हे लक्षण महत्त्वाचे मानणारे अभ्यासक १८९९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रुकलिन येथील बालसंग्रहालयाकडे बोट दाखवतात. तिसरा पक्ष माणसापासून सुरुवात करतो. कोलोरॅडोतील लाँग्ज पीकच्या पायथ्याशी पथिकगृह चालवणारा एनॉस मिल्स (१८७०–१९२२) याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ‘निसर्ग मार्गदर्शक’ हा स्वतंत्र व्यवसाय असल्याचे आग्रहाने मांडले. १९१७ मध्ये त्याच्याकडे तयार झालेल्या बर्नेल भगिनींना अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने मार्गदर्शक म्हणून परवाने दिले, आणि १९२० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हॅरल्ड ब्रायंट व लॉय मिलर यांच्याकरवी अशी सेवा पर्यटकांसाठी विनामूल्य सुरू झाली.

असे असले तरी माणूस, पायवाट आणि जिवंत प्राणी ही तिन्ही अंगे एकत्र आल्याचे स्पष्टपणे दिसते ते न्यूयॉर्क राज्यातील बेअर मौंटन येथे १९२७ च्या सुमारास, वाटेलगत उभारलेल्या लहानशा संग्रहालयात. त्याची पूर्वपीठिका विशेष लक्षणीय आहे. फ्रँक लुट्झ या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये जवळच टक्सिडो भागातील कीटक-अभ्यास केंद्राभोवती दोन वाटा आखल्या. एका वाटेवर झाडाझुडपांना माहितीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, तर दुसरीवर केवळ प्रश्न होते. पहिली वाट शिकण्याची, दुसरी स्वतःची परीक्षा घेण्याची. शिक्षक उपस्थित नसतानाही वाटेने शिकवावे ही ती कल्पना होती, आणि पुढे प्रत्यक्षात वाटेपेक्षा माणसांचीच मागणी वाढली हा या इतिहासातील एक गमतीचा भाग म्हणता येईल. बेअर मौंटनला पहिले निसर्ग केंद्र म्हणणे हे त्यामुळे सर्वमान्य नसले तरी अधिक ग्राह्य वाटते. गावोगावी केंद्रे काढण्याची संघटित चळवळ मात्र बरीच नंतरची आहे. जॉन रिप्ली फोर्ब्स याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुलांची संग्रहालये उभारण्यास हातभार लावला; १९५९ मध्ये केवळ निसर्ग केंद्रांच्या प्रसारासाठी एक संस्था निघाली आणि १९६१ मध्ये ती नॅशनल ऑड्युबन सोसायटी या पक्षिसंरक्षण संस्थेत विलीन झाली. ब्रिटनमध्ये याला समांतर पण वेगळ्या वळणाची परंपरा दिसते : १९४३ मध्ये स्थापन झालेल्या क्षेत्राभ्यास परिषदेने १९४६ मध्ये फ्लॅटफर्ड मिल येथे निवासी केंद्र उघडले. तेथे भर विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर होता; हाताळण्याजोगे, माणसाळवलेले रानटी प्राणी ही त्या परंपरेची खूण नव्हे.

केंद्रातील माणसांमध्ये संचालक, निसर्गशिक्षक, प्राणिपाल, पायवाटा व इमारत राखणारा कर्मचारी, स्वागतकक्षातील कर्मचारी, हंगामी प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक असे वर्ग सांगितले जातात. लहान केंद्रांत ही विभागणी कागदावरच राहते. सकाळी घुबडाचा पिंजरा धुणारी व्यक्तीच दहा वाजता तिसरीच्या वर्गाला तळ्याकाठी नेते आणि दुपारी देणगीदारांना पत्रे लिहिते. निसर्गशिक्षकाच्या कामाला सैद्धांतिक बैठक मिळाली ती फ्रीमन टिल्डन याच्या १९५७ मधील, निसर्गाचा अर्थ उलगडून सांगण्याविषयीच्या सहा तत्त्वांमुळे. टिल्डन हा मूळचा पत्रकार व लेखक होता, जीवशास्त्रज्ञ नव्हे. माहिती देणे म्हणजे अर्थ उलगडणे नव्हे, उलगडण्याचा हेतू शिकवणे हा नसून कुतूहल चेतवणे हा असतो, आणि मुलांसाठीचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमाची पातळ केलेली आवृत्ती नव्हे, ही त्यांपैकी तीन तत्त्वे आजही प्रशिक्षणात सांगितली जातात. स्वयंसेवकांचा वाटा मोठा असूनही त्यांच्याविषयीचे लेखन तुरळक आहे.

केंद्रातील प्राण्यांना पूर्वी ‘शैक्षणिक प्राणी’ व ‘कार्यक्रमातील प्राणी’ म्हणत. अलीकडे ‘दूतप्राणी’ ही संज्ञा प्रचारात आली आहे. आपल्या जातीचा प्रतिनिधी म्हणून तो लोकांसमोर येतो, असा तिचा आशय. हे प्राणी साधारणपणे तीन मार्गांनी येतात : जखमी होऊन आलेले व पुन्हा सोडता न येणारे वन्य प्राणी, हौसेने पाळून नंतर नकोसे झालेले साप, कासवे व सरडे, आणि पैदाशीतून मिळणारे कॉर्न स्नेक हा साप किंवा मादागास्करचे फुत्कारणारे झुरळ यांसारखे जीव. शिकारी पक्षी बहुतेक पहिल्या गटात मोडतात. वाहनाची धडक, तारेत अडकून मोडलेला पंख आणि अधू झालेली दृष्टी ही त्यांच्या येण्याची नेहमीची कारणे होत.

याच गटात शरीराने धडधाकट असूनही रानात परत न जाऊ शकणारे काही पक्षी असतात, आणि त्यांचे कारण तांत्रिकदृष्ट्या अधिक गुंतागुंतीचे आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू सुरुवातीच्या ठराविक काळात ज्याला पाहते त्याची प्रतिमा त्याच्यावर कायमची ठसते. या प्रक्रियेस इंप्रिंटिंग म्हणतात. तिच्या शोधाचे श्रेय सामान्यतः कॉनराड लोरेंट्स या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाच्या १९३५ च्या प्रबंधाला दिले जाते. तथापि डग्लस स्पॉल्डिंग याने कोंबडीच्या पिल्लांवरील आपली निरीक्षणे १८७३ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि ऑस्कर हाइनरोट याने १९११ मध्ये हंसपिल्लांविषयी तेच नोंदवले होते. तेव्हा लोरेंट्सकडे शोधाचे नव्हे तर सिद्धांतमांडणीचे श्रेय जाते असे म्हणणे अधिक नेमके होईल. कोंबडी व बदक यांची पिल्ले जन्मतः चालू लागतात, त्यामुळे त्यांच्यात हा काळ काही तासांचा असतो. घुबडे आणि ससाणे घरट्यातच वाढतात, म्हणून त्यांच्यात तो लांबतो व त्याची कडा तितकी रेखीव नसते. माणसाने वाढवलेले घुबड पुढे स्वतःला माणसांतलेच समजते, जोडीदार म्हणून माणूस निवडते आणि स्वजातीय पक्ष्याला प्रतिस्पर्धी मानू शकते. अशा पक्ष्याला सोडून देणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणेच होय.

मिनेसोटातील ह्यूस्टन या छोट्या गावच्या निसर्ग केंद्रातील ‘ॲलिस’ ही ग्रेट हॉर्न्ड आउल या शृंगी घुबडाची मादी हे याचे बहुश्रुत उदाहरण आहे. १९९७ मध्ये विस्कॉन्सिनात जन्मलेली ही मादी पिल्लू असताना घरट्यातून पडली, पंखाच्या सांध्याला इजा झाली आणि माणसांच्या संगतीत वाढल्यामुळे तिच्यावर माणसाचाच ठसा उमटला. १९९८ मध्ये ती ह्यूस्टनला आली. आपल्या सांभाळकर्तीला ती जोडीदार समजत असल्यामुळे तिच्याशी घुबडाच्या भाषेत हुंकारत असे; कोणत्या प्रसंगी कोणता हुंकार निघतो हे जवळून ऐकता आल्याने या जातीच्या आवाजांचा अभ्यास होऊ शकला आणि तो २००९ मध्ये पक्षिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिचा वाढदिवस साजरा करण्यातून घुबडांचा वार्षिक उत्सव सुरू झाला. एका जायबंदी पक्ष्याने संशोधनाचे साधन व्हावे हे केंद्रांच्या इतिहासात विरळाच घडते.

प्राणी केंद्रात ‘काम करतो’ असे म्हणणे हा केवळ भाषेचा अलंकार नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्षी करार कायद्याखाली देशी शिकारी पक्षी बाळगण्यास बंदी आहे; शिक्षणासाठीचा परवाना ही तिला अपवाद असलेली वाट, आणि पक्षी खरोखर लोकांसमोर येतो हेच तो ठेवण्याचे समर्थन. गरुडांसाठी १९४० चा स्वतंत्र कायदा आहे. पुनर्वसनाचे नियमही कठोर आहेत : पूर्णपणे आंधळा झालेला, स्वतः खाऊ वा ताठ बसू न शकणारा, अथवा ज्याचा पाय किंवा कोपरापासून वरचा पंख कापावा लागेल असा पक्षी सर्वसाधारणतः वेदनारहित मृत्यू देऊन संपवावा, असे ते सांगतात. म्हणजे पंख लटकत असलेला जो ससाणा मुलांना दिसतो, तो दुखापत आणि कामाची योग्यता या दोन्ही कसोट्यांना उतरलेला असतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे देशी वन्य प्राणी बाळगणे व हाताळून दाखवणे याला फारसा वाव राहिलेला नाही.

शिकारी पक्ष्याच्या देखभालीतील बहुतेक साधने श्येनपालनातून, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याच्या कलेतून, आली आहेत : चामडी हातमोजा, पायांतल्या चामड्याच्या पट्ट्या, त्यांना जोडलेली दोरी, बसण्याची दांडी. (चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोदाचे स्वतंत्र वर्णन आहे; निसर्ग केंद्रांशी त्याचा संबंध मात्र साधनांच्या साधर्म्यापुरताच आहे.) पक्ष्याचे वजन ग्रॅममध्ये, शक्यतो रोज त्याच वेळी घेतात. पक्षी आजार लपवतो. पिसांच्या आवरणामुळे तो तब्येतीत दिसतो, पण वजनाच्या वहीत दोन-तीन दिवस उतरती ओळ दिसली की पशुवैद्याला बोलावण्याची वेळ झालेली असते. अन्न म्हणून गोठवून पुन्हा सामान्य तापमानाला आणलेले अख्खे उंदीर किंवा कोंबडीची एका दिवसाची पिल्ले देतात. अख्खेच का, याचे उत्तर हाडांत आहे : नुसत्या मांसात कॅल्शियम अत्यल्प असल्याने वाढत्या पिल्लाची हाडे मऊ पडून वाकतात. केस व हाडे यांची गोळी घुबड पुढे तोंडावाटे टाकते, आणि तीच गोळी मुलांनी चिमट्याने उकलण्याचा पाठ केंद्रात होतो. दांडी गुळगुळीत व एकाच जाडीची असेल तर पायाच्या तळव्याला सूज येऊन जखम होते. त्यासाठी दांड्यांवर कृत्रिम हिरवळीचे कापड गुंडाळतात आणि निरनिराळ्या जाडीच्या दांड्या ठेवतात.

रोगांची बाजू दुहेरी आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना झालेल्या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. कार्यक्रमानंतर हात धुवायला लावणे हे निसर्गशिक्षकाचे काम यातून ठरले. सस्तन प्राण्यांबाबत रेबीजची धास्ती असते. रॅकून किंवा स्कंक चावला, तर निदान मेंदूच्या तपासणीनेच होत असल्याने प्राण्याचाच जीव जाऊ शकतो, म्हणून असे प्राणी मुलांच्या हाती देत नाहीत. उलट दिशेचा धोकाही असतो : अमेरिकेत प्रथम १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथे आढळलेल्या वेस्ट नाइल विषाणूने कावळ्यांच्या कुळातील असंख्य पक्षी मेले, आणि २०२२ च्या बर्ड फ्लूच्या साथीत अनेक केंद्रांनी आपले पक्षी लोकांपासून दूर ठेवले.

प्रशिक्षणाची रीत गेल्या काही दशकांत पालटली आहे. पूर्वी पक्ष्याला हातावर घेऊन त्याचा प्रतिकार थकेपर्यंत बसवत. आता मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या साधक अभिसंधानावर (वर्तनाच्या फळातून वर्तन घडवण्याच्या तत्त्वावर) आधारलेली, खाऊचे बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत रूढ आहे. पक्ष्याने स्वतः हातमोज्यावर किंवा प्रवासाच्या पेटीत पाऊल टाकावे अशी अपेक्षा असते, आणि त्याने नकार दिला तर त्या दिवशी दुसरा प्राणी नेतात. याला केवळ दयाबुद्धी म्हणता येणार नाही : जबरीने आणलेला ससाणा हातावरून वारंवार उलटा लटकतो, पिसे मोडतात आणि समोरच्या मुलांना त्यातून भलताच धडा मिळतो.

दूतप्राण्यांचा परिणाम नेमका काय होतो यावर अभ्यासक एकमत नाहीत. जिवंत प्राणी समोर असताना लोक अधिक वेळ थांबतात, हे सामान्यतः मान्य आहे. पण माणसाच्या हातावरील प्राणी पाहून ‘असा एक घरी असावा’ ही इच्छा बळावते, असा आक्षेप आहे. चिंपँझीसंबंधीचे २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेले सर्वेक्षण या संदर्भात उद्धृत करतात : गोरिला व ओरांगउटान यांच्या तुलनेत चिंपँझी संकटग्रस्त आहे असे कमी लोकांना वाटत होते, आणि जाहिराती व चित्रपटांतील त्याचे दर्शन हे त्याचे एक कारण लोकांनीच सांगितले. निसर्ग केंद्राची परिस्थिती जाहिरातीहून वेगळी असल्याने हा निष्कर्ष तसाच लागू करणे घाईचे ठरेल. मात्र प्राण्याबरोबर त्याच्या दुखापतीची कथा सांगण्याची प्रथा याच आक्षेपाला उत्तर म्हणून अधिक पक्की झालेली दिसते.

प्राण्यांच्या आयुर्मानातील तफावत कामाच्या आखणीवर परिणाम करते. व्हर्जिनिया ऑपॉसम हे पोटाला पिशवी असलेले सस्तन जनावर दोन ते चार वर्षांतच म्हातारे होते, त्यामुळे मुलांच्या आवडीचा हा प्राणी केंद्राला वारंवार नव्याने शोधावा व शिकवावा लागतो. बॉक्स टर्टल हे कासव पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. आहार, वजन आणि अतिनील दिव्याच्या नोंदींची त्याची वही एका प्राणिपालाकडून दुसऱ्याकडे जात राहते, आणि पहिल्या पानावरचे अक्षर कोणाचे हे केंद्रात कोणालाच सांगता येत नाही.