तुटणारा आवाज आणि उतरलेला आवाज

फोन घरी ठेवून केवळ मनगटावरच्या घड्याळातून ब्लूटूथ हेडफोनवर गाणी ऐकत धावणारी माणसे आता बरीच दिसतात आणि त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, की घड्याळातून आवाज चांगला येत नाही. या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकाचे गाणे मध्येच क्षणभर गायब होते, पुन्हा येते, पुन्हा जाते. दुसऱ्याचे गाणे सलग चालते, पण त्यातली टवटवी हरवलेली असते. पहिल्या प्रकाराला मी आवाज तुटणे म्हणेन आणि दुसऱ्याला आवाज उतरणे. दोहोंची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करण्यात लोकांचे पैसे आणि उत्साह दोन्ही वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हा फरक नीट मांडावासा वाटतो.

गोंधळाचे मूळ बहुधा रेडिओच्या जुन्या सवयीत आहे. मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकताना केंद्राची पकड सुटू लागली, की आधी खरखर वाढे, मग आवाज फिका होत जाई. ब्लूटूथचेही असेच होत असेल, असे आपण धरून चालतो. पण ब्लूटूथवर संगीत डेटाच्या छोट्या छोट्या पॅकेटांच्या रूपात जाते. बिघडलेले पॅकेट हेडफोन स्वीकारत नाही आणि घड्याळ ते पुन्हा पाठवते. ही देवाणघेवाण चालू असताना कानाला काही कळू नये, म्हणून हेडफोन सेकंदाच्या एखाद-दोन दशांशाइतके संगीत आधीच साठवून ठेवतो. ती शिल्लक संपेपर्यंत पॅकेट पोहोचले तर गाणे जसेच्या तसे चालू राहते. नाही पोहोचले तर शांतता. म्हणजे कमजोर सिग्नलने गाण्यात भोके पडतात, खरखर किंवा मंदपणा येत नाही.

घड्याळाच्या बाबतीत ही भोके जास्त पडतात, कारण मनगट आणि कान यांच्यामध्ये आपलेच शरीर उभे असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन जवळजवळ याच कंपनसंख्येवर अन्नातले पाणी तापवतो. शरीराचा मोठा हिस्सा पाण्याचाच असल्यामुळे डाव्या मनगटावरून निघालेला सिग्नल उजव्या कानापर्यंत सरळ जाऊ शकत नाही. घरात तो भिंती आणि छतावर आपटून वळसा घालून पोहोचतो, मोकळ्यावर मात्र त्याला परतवणारे काही नसते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी हे पुरते अनुभवले आहे. इमारतींमधल्या गल्लीतून धावताना गाणे सलग चाले. वरच्या सपाटीवर पोहोचलो, की डावा हात मागे जाईल तेव्हा नेमके अर्धे अक्षर गळे आणि हात पुढे आला की शब्द पुन्हा जुळे. माझ्या नेकबँडचा ब्लूटूथचा भाग उजव्या बाजूला होता. घड्याळ उजव्या मनगटावर बांधले आणि त्याच दिवशी, त्याच वाटेवर गळती थांबली. गार्मिनच्या घड्याळांच्या माहितीपुस्तिकांतही घड्याळ आणि हेडफोनचा अँटेना शरीराच्या एकाच बाजूला ठेवावा, अशी सूचना असते.

त्यात घड्याळाला फोनसारखी मोठी बॅटरी नसते. गार्मिनच्या फोररनर २४५ म्युझिकचे अधिकृत आकडे याबाबत बोलके आहेत : केवळ जीपीएस चालू असताना २४ तासांपर्यंत, आणि सोबत संगीत लावले तर ६ तासांपर्यंत. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर चालणाऱ्या यंत्राकडून जोरकस सिग्नलची अपेक्षा धरता येत नाही.

आता आवाज उतरण्याकडे वळू. सीडीवरचे संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट इतके असते. ब्लूटूथवरून संगीत पाठवताना ते दाबून लहान केले जाते आणि ते दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक संगीत पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ उपकरणात असावाच लागतो आणि त्याची नेहमीची वरची पातळी सुमारे ३२८ किलोबिटची असते. घड्याळातले गाणे मुळात एमपीथ्रीसारख्या दाबलेल्या स्वरूपात असते. घड्याळ ते उलगडते आणि हेडफोनकडे पाठवण्यासाठी पुन्हा नव्याने दाबते, म्हणजे एकच पीठ दोनदा चाळले जाते. एसबीसी ध्वनीचे चार किंवा आठ पट्टे पाडतो आणि उपलब्ध बिट त्यांच्यात वाटतो. वाटणी अपुरी पडली, तर वरच्या पट्टीतल्या लांबणाऱ्या नादांत ते लवकर जाणवते. एखादा अभंग लावून फक्त टाळांकडे कान दिला, तर टाळ वाजल्यानंतरची झणकार स्वच्छ विरत जाते की वाळू सांडल्यासारखी भुरभुरते, हे ऐकून बरेच कळते.

तरीही माझे मत असे, की धावताना आवाज उतरलेला वाटण्याचा दोष कोडेकवर उगाच येतो. श्वासाचा, वाऱ्याचा आणि रहदारीचा आवाज चालू असताना ३२८ किलोबिटमध्ये हरवलेले बारकावे क्वचितच कळतात. खरी हानी कानातल्या रबरी बोंडाची पकड घामाने सैल होते तेव्हा होते, कारण फट पडली की पखवाजाची धूम प्रथम नाहीशी होते. हाडांतून नाद पोहोचवणारे, कान उघडा ठेवणारे हेडफोन असतील, तर खर्ज त्यांच्या रचनेमुळेच कमी येतो.

उपायांची अदलाबदल इथेच होते. आवाज तुटतो म्हणून काही जण गाण्याची १२८ किलोबिटची प्रत काढून ३२० किलोबिटची भरतात. चार मिनिटांचे गाणे त्यामुळे ३.८ ऐवजी ९.६ मेगाबाइट जागा व्यापते, पण घड्याळ दोन्ही प्रती उलगडून एसबीसीने त्याच वेगात पाठवत असल्यामुळे भोके होती तेवढीच राहतात. काही जण सेकंदाला जास्त किलोबिट पाठवू शकणाऱ्या एलडॅक या कोडेकचे महागडे हेडफोन घेतात. कोडेक दोन्ही बाजूंना असल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे घड्याळात एलडॅक नसेल तर ते हेडफोनही एसबीसीवरच किंवा फार तर एएसी या दुसऱ्या कोडेकवर ऐकू येतात. समजा घड्याळात तो असताच, तरी त्याच्या वरच्या पातळीवरचे ९९० किलोबिट त्याच अशक्त दुव्यावरून न्यावे लागले असते आणि तुटणे वाढले असते.

हे दोन दोष एका ठिकाणी मात्र एकमेकांत मिसळतात. दुवा बिघडला, की काही उपकरणे तुटणे टाळण्यासाठी स्वतःहून किलोबिट कमी करतात. अशी शंका आली, तर खोलीत बसून घड्याळ हेडफोनजवळ धरावे आणि तेच गाणे ऐकावे. तिथेही आवाज मंद असेल, तर गाण्याची प्रत, कोडेक किंवा कानातली पकड तपासावी. तिथे स्वच्छ असेल, तर मनगट बदलून पाहावे. आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला, तर हेडफोन मायक्रोफोन वापरण्याच्या, म्हणजे संभाषणाच्या स्थितीत गेलेला असतो. त्या स्थितीत ध्वनीचे नमुने सहसा सेकंदाला ८ किंवा १६ हजारच घेतले जातात, संगीतासाठी मात्र ते बहुधा ४४,१०० असतात.

पोहणाऱ्यांना यांतले काहीच उपयोगी पडत नाही, कारण पाण्याखाली काही सेंटिमीटरच्या पुढे हा सिग्नल जातच नाही. म्हणून पोहण्याच्या हेडफोनमध्ये गाणी साठवण्याची सोय आतच असते. तिथे बिनतारी दुवा नसल्यामुळे आवाज तुटत नाही आणि गाणे एसबीसीने पुन्हा दाबावे लागत नसल्यामुळे त्या कारणाने उतरतही नाही. ३२० किलोबिटची प्रत भरण्याचे चीज होते ते इथे.