‘मेमरी फुल्ल’ म्हणजे नेमके काय फुल्ल?

आमच्या ग्राहकांसाठी

फोंड्यातल्या आमच्या दुकानात लॅपटॉप काउंटरवर ठेवत गिऱ्हाईक म्हणते, “मेमरी फुल्ल झालीय, वाढवून द्या.” आम्ही विचारतो, “कुठली?” तिथेच गाडी अडते. म्हणून हे पत्रक.

रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, डिस्क म्हणजे कायमची साठवण. वीज गेल्यावर अर्धवट टाइप केलेले बिल जाते, ते रॅममधले. काल सेव्ह केलेले राहते, ते डिस्कवरचे. दहा टॅब उघडल्यावर मशीन रखडत असेल आणि बंद करून चालू केल्यावर हलके होत असेल, तर बहुधा रॅम कमी आहे. जागा संपल्याची सूचना पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्क भरलीय. तिथे रॅम वाढवून पैसे वायाच.

डिस्क दोन जातींच्या. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्या. चालू असताना पडली की संपलीच समजा. एसएसडीत सगळे चिपवर साठते, फिरणारे काहीच नाही. जुन्या मशीनला नवा जीव द्यायचा तर आमची पहिली शिफारस एसएसडीचीच. फक्त ‘एम टू’ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्या खाचेत साटाची (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी चालते की एनव्हीएमईची (नव्या, वेगवान जोडणीची), हे मशीनवर ठरते. ऑनलाइन मागवण्याआधी मॉडेल नंबरचा फोटो पाठवा.

“1 टीबी घेतली, 931 जीबीच दिसते!” यात फसवणूक नाही. कंपनी एक लाख कोटी बाइट मोजून देते. विंडोज तेच 1024च्या पटीत मोजते, म्हणून आकडा लहान दिसतो.

आता नेटवर्क. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिटच्या) वायरीतून सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. लग्नाचे 40 जीबी शूटिंग एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला जवळजवळ तास. गिगाबिटवर (1000 एमबीपीएस) तेच काम सहा-सात मिनिटांत, दोन्हीकडची डिस्क तेवढी चपळ असेल तर. एका स्टुडिओत स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जोडायचा डबा) गिगाबिटचा, वायर चांगली, तरी वेग 100च. शेवटी भिंतीतला जॅक उघडला: पावसाची ओल लागून एक पिन हिरवी पडलेली. गिगाबिटला वायरीच्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की गाडी बहुधा 100वर येते. दीडशे रुपयांत काम झाले.

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी; ऑफिसातली सगळी मशीन तिच्यावर फाइल ठेवतात. सॅन, म्हणजे फक्त डिस्कसाठीचे वेगळे नेटवर्क, ही मोठ्या डेटा सेंटरांची भानगड, दुकानाला नको. कोणी गळ्यात मारू लागला तर आधी आम्हाला फोन करा.

नॅसमध्ये 4 टीबीच्या दोन डिस्क ‘रेड 1’ला लावल्या तर जागा 8 नव्हे, 4 टीबीच मिळते, दोन्हींवर तेच लिहिले जाते. एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. पण तुम्ही चुकून फोल्डर पुसलात, तर तो दोन्हींवरून पुसला जातो. रेडला बॅकअप समजून चवथीच्या तोंडावर रडत आलेले लोक आम्ही पाहिलेत. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, वायर काढून ठेवा, आणि ती डिस्क दुकानात नको, घरी कपाटात ठेवा. जूनमध्ये वीज कडाडली की जोडलेले सगळे एकदमच जाऊ शकते.

दुरुस्तीला येताना चार्जर आणा. नॅस आणत असाल तर डिस्क काढण्याआधी कुठली कुठल्या खाचेत होती, ते मार्करने तिच्यावर लिहा.