पिवळट फोटो आणि खारी हवा

‘समुद्राच्या खाऱ्या हवेने मोबाइलची लेन्स आणि टीव्हीचा पडदा पिवळा पडतो’ असे गोव्यात अनेकदा ऐकू येते. लेन्सवर खारा थर बसतो हे खरे, पण त्याने चित्र धूसर होते, पिवळे नव्हे. पिवळेपणा बहुधा प्रकाशातून येतो : साध्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा), तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो, आपली नजर हा फरक सांभाळून घेते, कॅमेऱ्याला मात्र पांढरे कोणते याचा अंदाज बांधावा लागतो, आणि चतुर्थीच्या माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या, फळांनी सजवलेल्या लाकडी चौकटीखाली), पिवळ्या दिव्यांत केळी-सुपाऱ्यांचे घड लटकत असताना, तो सहज चुकतो.

पडताळणीसाठी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो आधी बल्बखाली आणि मग दिवसा बाल्कांवात (घरासमोरच्या बैठकीच्या ओसरीत) काढावा. दुसऱ्यात छटा नसेल तर लेन्स निर्दोष आहे आणि ‘व्हाइट बॅलन्स’ (पांढरे कोणते हे कॅमेऱ्याला सांगणारे सेटिंग) बदलणे पुरेसे आहे.

टीव्हीवर कृष्णधवल दृश्य लावून पाहावे. छटा सर्वत्र सारखी असेल तर आधी टीव्हीचे रंगछटेचे सेटिंग तपासावे, एकाच कोपऱ्यात असेल तर तंत्रज्ञाला बोलवावे. ‘वॉर्म’ सेटिंग सुरुवातीला पिवळट भासते, तरी प्रसारणाच्या ६५०० केल्विनच्या प्रमाणित पांढऱ्याला बहुतेक संचांत तेच सर्वांत जवळचे असते.