हॉस्पिटलमधल्या डिसइन्फेक्शनची देखरेख आणि रिस्क अॅनालिसिस

हॉस्पिटलमधे जंतू मारायचं काम नीट झालंय का ते बघताना सगळीकडे सारखंच न तपासता, जिथं चूक झाली तर पेशंटला जास्त धोका आहे तिथं आधी आणि जास्त वेळा तपासायचं, अशी ही पद्धत. यासाठी बहुतेक वेळा एफएमईए (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनालिसिस, म्हणजे काय चुकू शकतं आणि त्याचा परिणाम काय ते आधीच मांडायची पद्धत) वापरतात, ते मूळचं अमेरिकन लष्कराचं, 1949 सालचं. कामाची एकेक पायरी घ्यायची, तिथं काय चुकू शकतं ते लिहायचं आणि 3 आकडे द्यायचे: चूक किती घातक, किती वेळा होते, आणि ती लक्षात न येण्याची शक्यता किती. प्रत्येक आकडा 1 ते 10, तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन (रिस्क प्रायॉरिटी नंबर), तो जितका मोठा तितका धोका जास्त.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण फरशी घाण असेल तर दिसते पण जंतू राहिलेत हे डोळ्यांना दिसतच नाही. एंडोस्कोपचंच घ्या, म्हणजे पोटात घालून आत बघायची कॅमेऱ्याची नळी. स्कोप धुतल्यावर ओलाच ग्लुटाराल्डिहाइडच्या (जंतू मारायच्या रसायनाच्या) टबमधे टाकला की थोडं थोडं पाणी आत जातं, 2 टक्क्यांचं द्रावण पातळ होत जातं, आणि टबवर लिहिलेल्या 14 दिवसांच्या तारखेवर भरवसा ठेवून सगळे तेच वापरत राहतात. समजा घातकपणा 8, वारंवारता 5, न दिसणं 7 धरलं तर आरपीएन 280. आता रोज वापरायच्या आधी द्रावण पुरेसं तीव्र आहे का ते दाखवणारी टेस्ट स्ट्रिप बुडवून नोंद ठेवली तर शेवटचा 7 चा 2 होतो आणि आरपीएन एकदम 80 वर येतो, खर्च फक्त स्ट्रिपचा.

पण सूचना पाळल्या म्हणजे झालं असंही नाही. 2015 मधे लॉस एंजेलिसला ड्युओडिनोस्कोपमधून (लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत घालायच्या एंडोस्कोपमधून) औषधांना दाद न देणारे जंतू पेशंटमधे पसरले, कंपनीच्या सूचनांप्रमाणे सफाई करूनही, कारण स्कोपच्या टोकाशी असलेल्या बारीक हलत्या भागात घाण अडकून राहते.

स्टरिलायझेशनमधेही तेच, ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायच्या मशीनच्या) पाकिटावरची टेप काळी झाली म्हणजे पाकीट निर्जंतुक झालं असं खूप जण धरून चालतात पण टेप एवढंच सांगते की पाकीट मशीनमधून जाऊन आलंय. जंतू खरंच मेले का ते स्पोअर टेस्टच सांगते, म्हणजे मरायला कठीण असे जंतूंचे बीजाणू मशीनमधे ठेवून ते मेले का बघायचं.

हे आकडे ठरवायच्या मीटिंगला फक्त डॉक्टर आणि क्वालिटीवाले बसवू नयेत, स्कोप धुणाऱ्या मावशी आणि सीएसएसडीचे (हॉस्पिटलची उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे) टेक्निशियन पाहिजेतच, धुवायच्या ब्रशचे केस झडलेत हे त्यांनाच माहीत असतं.