लाज, अपराधभाव आणि मानसिक स्वास्थ्य

लाज आणि अपराधभाव या दोन्ही भावना माणूस स्वतःकडे पाहू लागला की निर्माण होतात. त्यामुळे त्या जन्मापासून दिसत नाहीत. मुलाला ‘मी’ची ओळख पटू लागते, साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, त्यानंतर हळूहळू त्यांची चिन्हे दिसू लागतात. एकाच प्रसंगात दोन्ही भावना मनात येऊ शकतात, तरी त्यांचे परिणाम वेगळे असतात.

हा वेगळेपणा अमेरिकन मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये नेमकेपणाने मांडला. अपराधभावात माणसाची नजर हातून घडलेल्या कृत्यावर असते. लाजेत ती सबंध स्वतःवर रोखलेली असते. समजा, आजारी वडिलांना रात्रीची गोळी द्यायची राहून गेली. ‘गोळी द्यायला मी विसरलो’ ही बोचणी असलेला मुलगा सकाळी डॉक्टरांना विचारतो, पुढच्या वेळेसाठी गजर लावून ठेवतो. ‘मी मुलगा म्हणून नालायक आहे’ या भावनेने ग्रासलेला मुलगा डॉक्टरांचा फोन उचलायचे टाळतो, घरात कोणाला काही सांगत नाही आणि विषय निघालाच तर चिडतो. चूक तीच, पण पहिल्याला भरपाईची वाट दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे प्रश्नावलीच्या आधारे हा फरक मोजला. लाजेकडे कल असलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता तर अधिक आढळलीच, शिवाय राग आणि दुसऱ्यावर खापर फोडण्याची प्रवृत्तीही अधिक दिसली. २०११ मध्ये १०८ अभ्यासांचे (२२,४११ व्यक्ती) एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात नैराश्याच्या लक्षणांशी लाजेचा सहसंबंध (दोन गोष्टी सोबत किती बदलतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.४३, तर अपराधभावाचा ०.२८ निघाला. मात्र अपराधभाव निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. जे आपल्या हातात नव्हतेच त्याचा दोष स्वतःकडे घेणे आणि कारणाशिवाय सतत अपराधी वाटत राहणे, हे प्रकार लाजेइतकेच नैराश्याशी जोडलेले आढळले. अपघातातून एकटाच वाचलेला माणूस ‘मीच का वाचलो’ म्हणून स्वतःला टोचत राहतो, तेव्हा त्याला भरून देण्यासारखे काहीच नसते. शिवाय सहसंबंधावरून कारण ठरत नाही: अवाजवी अपराधभाव हे नैराश्याचे लक्षणही आहे.

शरीरही यात सामील असते. २००४ मध्ये २०८ प्रयोगांचा आढावा घेतला गेला. ज्या कामात इतर लोक आपले मूल्यमापन करत आहेत आणि निकाल आपल्या हाती नाही, अशा कामात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची वाढ सर्वाधिक होती.

संस्कृतीच्या बाजूने या विषयावर एका विभागणीचा फार काळ पगडा राहिला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये जपानला ‘लाजेची संस्कृती’ आणि पाश्चात्त्य समाजाला ‘अपराधभावाची संस्कृती’ ठरवले. त्यांचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला होता. जपानला न जाता, ग्रंथ आणि अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांच्या मुलाखती यांवर तो उभा होता. पूर्वेकडची लाज फक्त बाहेरून येते आणि पश्चिमेकडची सदसद्विवेकबुद्धी आतून, ही त्यातून रुजलेली समजूत आता सोडून द्यायला हवी. अमेरिका, भारत आणि इस्रायल येथे केलेल्या २०१६ च्या अभ्यासात, एखाद्या कृत्याबद्दल माणसांना किती लाज वाटेल आणि त्यासाठी इतर लोक त्यांना किती कमी लेखतील, यांचा मेळ तिन्ही देशांत जवळपास सारखाच बसला. २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधील ज्युदोपटूंच्या छायाचित्रांतून आणखी एक गोष्ट दिसली. जन्मांध खेळाडूंनी कोणालाही पाहिलेले नव्हते, तरी हरल्यावर त्यांचे खांदे उतरत आणि छाती आत जाई; म्हणजे लाजेची ही खूण पाहून शिकलेली नव्हती. डोळस पाश्चात्त्य खेळाडूंमध्ये हे कमी दिसले. ते भावना दाबत असावेत, असे संशोधकांचे मत आहे.

लाजेचे पुढे काय करायचे, हे मात्र संस्कृती शिकवते. २००३ मधील एका अभ्यासात नेदरलँड्स आणि फिलिपिन्समधील विक्री कर्मचाऱ्यांची तुलना झाली. ग्राहकासमोर लाज वाटली की आतली जळजळ दोन्हीकडे सारखीच होती. डच कर्मचारी त्यानंतर आक्रसत आणि त्यांची कामगिरी घसरे. फिलिपिनो कर्मचारी ग्राहकाशी संबंध सुधारायला लागत आणि त्यांची कामगिरी सुधारे. जिथे लाजेनंतर नाते दुरुस्त करण्याची रीत आहे, तिथे ती माणसाला मोडत नाही. ओडिशात उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर या संशोधकांना लज्जा हा रागावर ताबा ठेवणारा सद्गुण म्हणून मानलेला दिसला. पण हा सद्गुण प्रामुख्याने स्त्रियांकडून अपेक्षिला जातो, हे विसरता येत नाही.

लिंगभावाचा फरक वाटतो त्याहून लहान आहे. २०१२ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात स्त्रियांमध्ये लाज आणि अपराधभाव थोडाच अधिक आढळला. ओशाळलेपणात फरक जवळजवळ नव्हता. खरा फरक लाज कशाची वाटावी, यात आहे. स्त्रियांवर शरीर, मातृत्व आणि लैंगिक वर्तन यांचे माप लावले जाते. बाळंतपणानंतर नैराश्य आलेली आई ‘बाळ झाले आणि मला आनंद नाही’ हे बोलू शकत नाही, म्हणून उपचार लांबतात. लैंगिक अत्याचारात गुन्हा करणारा मोकळा फिरतो आणि लाज जिच्यावर अत्याचार झाला तिच्या वाट्याला येते. हा अन्याय आहे आणि आजारही. पुरुषांना कमाई, ताकद आणि न डगमगणे यांचे माप लागते. त्यांची लाज अनेकदा राग, दारू किंवा मौन यांच्या आड लपते. जगभरात आत्महत्येने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. कारणे अनेक असली तरी मदत मागण्याची लाज हे त्यांपैकी एक मानले जाते. ट्रान्सजेंडर व्यक्तींना तर आपल्या असण्याचीच लाज शिकवली जाते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने लिंगभाव-विसंगती (स्वतःला जाणवणारा लिंगभाव जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाशी न जुळणे) मानसिक विकारांच्या यादीतून काढली.

उपचारात मोठी अडचण अशी की ज्याची लाज वाटते तेच रुग्ण सांगत नाही. तो नजर खाली घालतो, विषय बदलतो, पुढच्या भेटीला येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आले की बरेच रुग्ण ‘यात माझा दोष नाही’ हे वाक्य तर्काने मान्य करतात, पण मनातल्या मनात ते स्वतःला खडसावल्यासारखे, कोरड्या आवाजात म्हणतात. त्यांनी घडवलेल्या करुणाकेंद्रित उपचारात या आवाजावरच काम होते: श्वास संथ करणे, स्वतःशी बोलण्याचा सूर बदलणे. लहानपणी माया न मिळालेल्यांना तो मऊ सूर सुरुवातीला भीतिदायक वाटतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आधी त्या भीतीवर काम करावे लागते.